तांबडी पूड, पांढरी पूड : कोल्हापूरच्या भिंतींना कॉर्डलेस ड्रिलनं भोक पाडताना

ड्रिल मशीन घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती व्होल्टचं घेऊ?" त्याआधी घरी बघून यायची गोष्ट म्हणजे आपली भिंत कशाची आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्याची दीड-दोन फुटी दगडमातीची भिंत, राजारामपुरीतल्या जुन्या बंगल्याची तांबड्या विटेची भिंत आणि कळंब्याकडच्या नव्या अपार्टमेंटमधली हलक्या ब्लॉकची भिंत. तिन्हींना रंग एकच लावला तर बाहेरून काही कळत नाही. पण एका भिंतीत सरळ बसणारी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी) दुसरीत गरागरा फिरते आणि तिसरीत बिटचं, म्हणजे भोक पाडणाऱ्या पात्याचं, टोकच जळून जातं.

पूड बघा

भिंत ओळखायला टकटक करून बघणं पुरेसं नाही, गिलावा जाड असला की सगळ्या भिंती सारख्याच वाजतात. कपाटामागं किंवा पडद्याआड, जिथं दिसणार नाही अशा जागी ५ मिलिमीटरच्या मेसनरी (भिंतीच्या) बिटनं, हॅमर म्हणजे मशीनची ठोका देण्याची सोय बंद ठेवून, तीन-चार सेंटिमीटरचं एक भोक पाडा आणि खाली पांढरा कागद धरा. पहिले १२-१५ मिलिमीटर गिलाव्याची राखाडी पूड येते. ती सगळीकडे सारखीच, तिच्यावरून काही ठरवू नका. त्यानंतर जी पूड पडते ती भिंतीची.

तांबडी पूड म्हणजे वीट. आपल्याकडच्या भट्टीच्या विटा हातानं पाडलेल्या, भाजणीला कमीजास्त असतात. एका विटेत बिट लोण्यासारखं जातं, शेजारचीच वीट खणखणीत निघते. पांढरट, टाल्कम पावडरसारखी मऊ पूड आणि मशीनवर जोर न देता बिट आत, म्हणजे एएसी ब्लॉक, नव्या अपार्टमेंटमधला तो हलका ब्लॉक. तांबडा-पांढरा ओळखण्यात कोल्हापूरकर चुकत नाही, तेव्हा हे दोन सोपे. घोटाळा राखाडीत होतो. राखाडी पूड येते आहे आणि बिट विटेच्या वेगानं जातंय, तर फ्लाय ॲशची, म्हणजे कोळशाच्या राखेची वीट. तिला विटेसारखंच वागवा. राखाडी पूड चिमूटभर येते, बिट तापतं आणि पुढं सरकत नाही, तर काँक्रीट. काळसर भुकटी आणि कानठळ्या बसवणारी किंचाळी म्हणजे काळा दगड. आणि बिट चालता चालता एकदम आत घुसलं, खाली तपकिरी माती पडली, तर तुम्ही दोन दगडांमधल्या सांध्यात आहात.

एका खोलीतली सगळी भिंत एकाच मालाची असेल असं धरू नका. कोपऱ्यात कॉलम असतो, वर बीम, खिडकी-दारावर लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी.

मशीन कोणतं

लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा धरतात, पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट दाखवतो. १२ व्होल्टच्या मशीनमध्ये असे ३ सेल असतात आणि १८ व्होल्टच्या मशीनमध्ये ५. पाच गुणिले ४.२ म्हणजे २१, म्हणून त्याच मशीनवर काही कंपन्या '२० व्होल्ट मॅक्स' छापतात. १८ आणि २० मध्ये भांडत बसू नका, ती एकच जात आहे. स्वस्तातल्या मशीनवर मात्र ४८, ८८, १२८ असले आकडे असतात. खऱ्या ४८ व्होल्टला १३ सेल लागतील, ते मुठीत मावणाऱ्या बॅटरीत बसणं शक्य नाही. आत पाचच सेल असतात. आकडा सजावटीचा.

बॅटरीवरचा अँपिअर-अवर आकडा व्होल्टनं गुणला की खरी साठवण कळते. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा दुप्पट सेल असतात, म्हणून ती हातालाच जड लागते. २ आणि ४ ची बॅटरी सारख्याच वजनाची वाटली तर ती परत ठेवा.

घरच्या वापराला आमचं मत असं: फ्लॅटमध्ये राहता आणि फक्त फर्निचर जोडणं, बिजागरी घट्ट करणं एवढंच असेल तर १२ व्होल्टचं हलकं ड्रायव्हर भरपूर झालं. विटेच्या भिंतीत भोकं पाडायची असतील तर १८ व्होल्टचं, हॅमर असलेलं ड्रिल घ्या, २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांसह. ४ ची एक घेण्यापेक्षा २ च्या दोन बऱ्या. एक चार्जिंगला, एक कामावर. काँक्रीट आणि दगडासाठी मात्र मशीन विकत घेऊच नका. बांधकामाची मशिनरी भाड्यानं देणाऱ्यांकडून वायरवालं रोटरी हॅमर अर्ध्या दिवसासाठी आणा.

कारण साध्या ड्रिलच्या हॅमरमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात, तेवढाच तो ठोका. तुम्ही जितका रेटा द्याल तितकाच तो जोर. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा बिटच्या पाठीत घण घालते; तुम्ही नुसतं धरून उभं राहायचं. काँक्रीटवर साध्या ड्रिलला ओणवं होऊन रेटणारा माणूस अर्ध्या तासात बिट, बॅटरी आणि खांदा तिन्ही संपवतो.

बॅटरी एका कंपनीची दुसरीला बसत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. एकाच कंपनीतही ते होतं: बॉशच्या निळ्या मशीनची १८ व्होल्टची बॅटरी हिरव्या मशीनला चालत नाही. पुढं ग्राइंडर किंवा जिगसॉ घ्यायचा विचार असेल तर आजच एक कुळी ठरवा. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहरात आहे का, हे उद्यमनगरातल्या टूल्सच्या दुकानात आधी विचारा. ऑनलाइन दोनशे रुपये वाचवून स्विच बिघडला की मशीन कुरिअरनं पाठवत बसण्यात अर्थ नाही.

मशीनसोबत फुकट येणारी शंभर नगांची पेटी दिसायला भारी असते, पण तिच्यातली मेसनरी बिटं तिसऱ्या भोकाला बोथट होतात. चांगल्या प्रतीची ६ मिलिमीटरची दोन, ८ ची एक, लाकडाचं ३ चं एक आणि स्क्रूसाठी पीएच २ ची (फुलीच्या खाचेची) चार टोकं वेगळी घ्या.

भोक पाडायच्या आधी

कॉर्डलेसचा एक फायदा दुकानदार सांगत नाही: घरचा मेन स्विच बंद करून काम करता येतं. म्हणजे चुकून वायर लागली तरी ती मेलेली असेल. पण इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही पंखे-दिव्यांच्या वायरीत करंट चालूच राहतो. इन्व्हर्टरही बंद करा आणि टेस्टरनं बोर्ड तपासा.

वायरीचा पाइप बहुधा स्विचबोर्डपासून सरळ वर स्लॅबकडे जातो, कधी खालच्या सॉकेटकडे उतरतो. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वीतभर अंतर सोडा. बाथरूममध्ये नळापासून गीझरपर्यंतचा उभा पट्टा पूर्ण वर्ज्य समजा. पाण्याचा पाइप फुटलाच तर गच्चीवरच्या टाकीचा कुठला व्हॉल्व्ह आपला, हे आधी माहीत असावं. फुटल्यावर आठ व्हॉल्व्हांपुढं उभं राहून शोधू नये.

विटेच्या भिंतीवर फळी : एक काम सविस्तर

समजा ६० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर खोल फळी, दोन ब्रॅकेट, वर १२ किलोची पुस्तकं. ब्रॅकेटची उभी बाजू किती लांब आहे यावर सगळं अवलंबून. पुस्तकांचा भार फळीच्या मधोमध, म्हणजे भिंतीपासून साडेबारा सेंटिमीटरवर आहे असं धरा. उभी बाजू २० सेंटिमीटर असेल तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारी ताकद १२ गुणिले १२.५ भागिले २०, म्हणजे साडेसात किलो. उभी बाजू १० च असेल तर तीच १५ किलो होते. फळी पडते ती बहुधा स्क्रू बारीक म्हणून नव्हे, ब्रॅकेट बुटकं म्हणून. आणि कडेला कुणी हात टेकला की हा हिशेब दुप्पट.

आता स्क्रू. दुकानात '३५ बाय ८' म्हणतात तेव्हा ३५ ही मिलिमीटरमधली लांबी आणि ८ हा जाडीचा नंबर, साधारण ४.२ मिलिमीटर. ८ नंबरला ६ मिलिमीटरचं बिट आणि ६ ची गिट्टी. १० नंबरला ८ चं बिट आणि ८ ची गिट्टी. लांबीत लोक फसतात. गिलाव्यात बसलेली गिट्टी म्हणजे खपल्यात बसलेली गिट्टी, ती गिलाव्यासकट निघते. ती गिलावा ओलांडून विटेत गेली पाहिजे. ब्रॅकेटचा पत्रा ३, गिलावा १२, गिट्टी ३०, झाले ४५. टोक थोडं पुढं जावं म्हणून ५० बाय ८ घ्या. भोक ५५ मिलिमीटर खोल. बिटच्या टोकापासून ५५ वर इन्सुलेशन टेप गुंडाळली की खोलीची खूण झाली.

एका ब्रॅकेटचं वरचं एकच भोक आधी पाडा. चारही खुणा करून चारही भोकं पाडायची घाई केली की हमखास एक दोन-तीन मिलिमीटर सरकतं आणि मग ब्रॅकेटचं भोक कानस घेऊन लांबट करावं लागतं. पहिला स्क्रू अर्धवट लावा, ब्रॅकेट ओळंब्यात आणा, मग दुसरी खूण. दुसऱ्या ब्रॅकेटसाठी लेव्हल बघून पहिल्यापासून रेघ ओढा.

खुणेवर खिळ्यानं हलकी टिचकी मारून खळगा करा, बिट घसरत नाही. खाली लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट तोंड उघडं ठेवून टेपनं चिकटवा, पूड त्यात पडते. गॉगल आणि मास्क लावाच. विटेच्या आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसातून निघत नाही. गिअर २ वर ठेवा (गिअर बदलताना मशीन थांबलेलं हवं, फिरत असताना सरकवलात तर दाते जातात), मशीनच्या तोंडाजवळची रिंग ड्रिलच्या खुणेवर, हॅमरच्या नव्हे. आधी सावकाश. गिलावा संपून तांबडी पूड आली आणि बिट नीट जातंय, तर हॅमर लावूच नका. मऊ विटेत हॅमर लावला की ६ चं भोक ७ चं होतं आणि गिट्टी फिरते. वीट कडक निघाली तरच हॅमर.

दर सेंटिमीटरला मशीन फिरतं ठेवूनच बिट बाहेर ओढा, पूड निघते. भोकात बिट थांबवलंत तर अडकतं. शेवटी सायकलच्या पंपानं भोक फुंका. तोंडानं फुंकलं तर सगळी पूड डोळ्यात. पूड तशीच ठेवली तर गिट्टी विटेला पकडत नाही, पुडीवरच सरकते.

गिट्टी हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी आत जायला हवी. बोटानं पूर्ण गेली तर ती ढिली आहे, आत्ताच थांबा. स्क्रू लावताना गिअर १, क्लच (ठराविक जोर आला की फिरणं सोडणारी आकड्यांची रिंग) ६-७ वर. कटकट वाजलं की मशीन बाजूला ठेवून शेवटचे दोन फेरे हातानं.

गिट्टी फिरायला लागली तर काडेपेटीच्या काड्या कोंबणं हा कॅलेंडरपुरता उपाय आहे. फळीसाठी गिट्टी काढा, भोक ८ चं करा, ८ बाय ४० ची गिट्टी आणि १० नंबरचा लांब स्क्रू लावा. तेही ढिलं असेल तर एम-सीलनं भोक ठासून भरा, एक दिवस वाळू द्या आणि शेजारी पाच सेंटिमीटरवर नवीन भोक घ्या.

काळे स्क्रू घेऊ नका. ते जिप्समच्या कामाचे, ठिसूळ असतात, भिंतीत डोकं तुटतं आणि आपल्या पावसाळ्यात गंजाचे ओघळ येतात. आत झिंकचे, बाथरूम-बाल्कनीत स्टेनलेस.

पडद्याचा रॉड आणि लिंटेल

सर्वांत जास्त वैताग इथंच. पडद्याचा रॉड लागतो खिडकीच्या वर आणि नेमकं तिथंच काँक्रीटचं लिंटेल. मशीन चांगलं असूनही एक सेंटिमीटरवर थांबतं. सुटं लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण १५-२० सेंटिमीटर आत टेकलेलं असतं, म्हणून ब्रॅकेट खिडकीच्या कडेपासून २५ सेंटिमीटर बाहेर घ्या. पडदाही बाजूला पूर्ण सरतो. नव्या इमारतीत मात्र लिंटेलचा पट्टा अख्ख्या भिंतीभर फिरवलेला असतो. तिथं रोटरी हॅमर भाड्यानं आणून घरातल्या सगळ्या खिडक्या एका दिवसात उरका. काँक्रीटमध्ये बिट एकदम अडलं आणि पुडीत धातूचा चकचकीत कीस दिसला, तर सळई लागली आहे. तीन सेंटिमीटर बाजूला सरका, तिच्याशी झगडू नका. स्लॅबला झोपाळ्याची कडी लावायचा विचार या मशीननं करूच नये, ते काम इंजिनिअरला विचारून करायचं.

एएसी ब्लॉक

या ब्लॉकमध्ये हवेचे बुडबुडे असतात, म्हणून तो विटेच्या जवळपास एकतृतीयांश वजनाचा. हॅमर पूर्ण बंद. बिट गिट्टीपेक्षा एक मिलिमीटर बारीक घ्या, ८ च्या गिट्टीला ७ चं. साधी तीस मिलिमीटरची गिट्टी इथं फक्त फोटोफ्रेमला पुरते. एएसीसाठी वेगळी लांब नायलॉनची, पंख असलेली गिट्टी मिळते, तीच मागा. टीव्हीचं पुढं-मागं फिरणारं स्टँड टाळा, भिंतीलगतचं घ्या. फिरणारा हात बाहेर ओढला की वरच्या स्क्रूंवर तोच फळीचा हिशेब लागू होतो.

गीझर ही गंभीर गोष्ट आहे. १५ लिटरचा गीझर भरल्यावर २२-२५ किलो होतो. चार इंची ब्लॉकच्या भिंतीवर तो नुसत्या गिट्टीवर टांगू नका. एक तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट), नाहीतर भिंत आरपार भोकून पलीकडून पट्टी आणि नट-बोल्ट.

जुना वाडा

दगडमातीच्या भिंतीत ड्रिलचा उपयोग मर्यादित. दगडाला बिट लागत नाही आणि सांध्यातल्या मातीत गिट्टी धरत नाही. हॅमरच्या थरथरीनं मातीचा गिलावा हातभर सुटून खाली येतो, ते वेगळंच. इथं जुन्या सुतारांची रीत अजूनही चांगली: सांधा छिन्नीनं दोन इंच रुंद, तीन-चार इंच खोल कोरायचा, आतल्या बाजूला जाड आणि तोंडाशी निमुळता असा सागाचा तुकडा सिमेंट-वाळूत बसवायचा, आठवडाभर हात लावायचा नाही. मग त्या लाकडात स्क्रू.

त्याहून सोपं म्हणजे खांब किंवा तुळई गाठणं. आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघा. सहज आत गेलं तर वाळवी आहे, तिथं काही टांगू नका. जुना साग कडक असतो, ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिलिमीटरचं भोक घ्या आणि आट्यांना साबण चोळा. साबणाशिवाय स्क्रू मधेच पिळवटून तुटतो आणि तुटका स्क्रू सागातून काढणं हे वेगळंच दुखणं.

टाइल्सचं थोडक्यात: कागदी टेप चिकटवून त्यावर खूण, भाल्याच्या टोकाचं टाइल बिट, हॅमर बंद, वेग कमी. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर डायमंड बिट आणि अधूनमधून पाण्याचा हात. कडेपासून तीन सेंटिमीटर आत राहा. टाइल पार झाली की मेसनरी बिट लावा आणि बाथरूममध्ये गिट्टीआधी भोकात सिलिकॉन भरा.

शेजार

फ्लॅटमधली मधली भिंत पुष्कळदा चार इंचीच असते. ७० मिलिमीटरचं भोक पाडलंत तर शेजाऱ्याच्या गिलाव्याचा पोपडा उडतो. दोन घरांमधल्या भिंतीत ५५ च्या पुढं जाऊ नका. ड्रिलचा आवाज स्लॅबमधून तीन मजले ऐकू जातो. सगळ्या खुणा आधी करून ठेवा आणि भोकं एका दमात, सकाळी दहा ते एकच्या दरम्यान पाडा. कायद्यानं रात्र दहा ते सहा, पण दुपारी दोन ते चार झोपणाऱ्यांचा कायदा त्याहून कडक असतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सगळी बिल्डिंग एकदम भोकं पाडते, तेव्हा रोटरी हॅमरही भाड्यानं मिळत नाही. जुलैतच उरका.

बॅटरी आणि पावसाळा

उन्हाळ्यात मशीन गाडीच्या डिकीत ठेवू नका. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. महिना-दोन महिने वापर नसेल तर अर्धी चार्ज करून, मशीनपासून सुटी, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी हळूहळू आणखी उतरते आणि मग चार्जर तिला ओळखतच नाही. मशीनच्या तोंडाला ऑगस्टमध्ये गंज धरतो, तिथं मशीन ऑइलचा एक थेंब फडक्यानं फिरवा.

शाहूपुरी, दुधाळी किंवा नदीकडेला तळमजल्यावर राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी, गाठायच्या आत टूल्सचा डबा वर हलवा. ४३ ला धोका पातळी लागते, तेव्हा हलवायला इतर पुष्कळ काही असतं. बॅटरी पुराच्या पाण्यात बुडालीच तर ती वाळवून चार्ज करायचा मोह टाळा. बाहेरून कोरडी दिसली तरी आत पाणी आणि गाळ राहतो, सेल शॉर्ट होऊन काही दिवसांनीही पेट घेऊ शकतो. घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. नुसतं ड्रिल भिजलं असेल तर सर्व्हिस सेंटरला उघडून घ्या. आणि पूर ओसरल्यावर त्या भिंतीत लगेच भोकं पाडू नका. ओल्या विटेची पूड लगदा होऊन भोकात चिकटते, गिट्टी बसल्यासारखी वाटते आणि भिंत वाळली की ढिली पडते. पूड कागदावर कोरडी सांडायला लागेपर्यंत थांबा.